गोड्या पाण्याची जीभ

३ जून

फुटली! फुटली एकदाची! नदी फुटली!

उपग्रहाच्या सकाळच्या फेरीचं चित्र उघडलं आणि खुर्चीतून ताडकन उठलेच. कालपर्यंत पांढरीफटक होती, आज मुखापाशी काळीभोर भेग. म्हणजे वरचा सगळा बर्फ कडाकडा मोडत खाली निघालाय. वर्षाचं निम्मं पाणी आता महिना-दीड महिन्यात समुद्रात ओतून मोकळी होणार ही बया! आणि मी इथे, तिच्यापासून हजारो कोस लांब, चौथ्या मजल्यावर, हातात चहाचा कप आणि डोळ्यांत पाणी. बावन्नाव्या वर्षी!

पलीकडच्या टेबलावरून ढगोबा म्हणाला, "काय हो, लग्न ठरलं का कुणाचं?"

म्हटलं, "त्याहून मोठं!"

(ढगोबा म्हणजे आमचा रंगीत चित्रांवाला. त्याचा उपग्रह समुद्राचा रंग बघतो, आणि मधे सदानकदा ढग येतात. सकाळी आला की आधी ढगांना शिव्या, मग जॅकेट काढणार.)

५ जून

जेवताना सासूबाईंनी पकडलं. "तू नक्की करतेस काय गं तिथं? शेजारीण विचारते, मला सांगता येत नाही. मी आपलं सांगून टाकलंय, विमानांचं काहीतरी बघते."

मग काय, मला निमित्तच हवं होतं! ताटातला चमचा बाजूला ठेवला आणि सुरू झाले. म्हटलं, आई, जगाच्या पार वर, ध्रुवाकडे, एक थंडगार समुद्र आहे. त्यात एक भलीमोठी नदी पडते. नदीचं पाणी गोडं, समुद्राचं खारट. गोडं हलकं असतं, ते खाली बुडत नाही, साईसारखं वर पसरतं. कुठे पसरलं, किती पसरलं, ते आम्ही वरून बघतो.

"वरून कसं कळणार, खारट का गोडं? चाखून बघतो का तो तुमचा उपग्रह?"

"ऐकतो, आई. पाण्यातून आपसूक एक बारीक कुजबुज निघत असते, रेडिओसारखी. खारट पाण्याची वेगळी, गोड्याची वेगळी."

"इतक्या लांबून ऐकतो? मला शेजारच्या खोलीतलं ऐकू येत नाही!"

नवऱ्याला ठसका लागला.

"आणि कळून करायचं काय?"

"हलकं गोडं पाणी वर राहतं ना, ते आधी गोठतं. कुठे बर्फ लवकर धरेल, ते त्यावरून कळतं. जहाजं असतात तिकडे."

सासूबाईंनी ताक ओतून घेतलं. मग म्हणाल्या, "विमानांचंच बरं होतं. शेजारणीला हे समजायचं नाही."

९ जून

आज बैठकीत पुन्हा तेच. प्रमुख बोलता बोलता माझ्याकडे वळले, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" सगळे माना खाली घालून हसले. कान लाल झाले त्यांचे. त्यांचे काय, त्याचे! सातवीत माझ्या वर्गात होता. गणिताच्या तासाला दर पायरीला हात वर — "पण बाई, असंच का?" शंकासुर हे नाव मीच ठेवलं होतं. आता तो आमच्या विभागाचा प्रमुख, आणि मी त्याच्या हाताखाली सगळ्यात नवी आणि सगळ्यात म्हातारी. मी 'सर' म्हणते, तो 'मॅडम' म्हणायचं ठरवतो आणि हमखास घसरतो.

वीस-बावीस वर्षं मी फळ्यावर कोन आणि वर्तुळं काढली. मग लेक शिकायला बाहेर पडली आणि तिच्या मागोमाग मीही पडले. तिच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसले, परीक्षा दिल्या, पास झाले, ही नोकरी लागली. नवरा तेव्हा म्हणाला होता, "दिवसभर त्या पडद्याकडे बघून डोळे बिघडतील हं." त्याचं चष्म्याचं दुकान आहे. असं म्हणाला आणि आठवड्याभरात नवा चष्मा करून हातात ठेवला. निळ्या काड्यांचा! म्हटलं, अहो, हा पोरीबाळींचा. म्हणाला, "मग बरोबर आहे."

१६ जून

काही नाही. समुद्रावर अजून बर्फ. नदी त्याच्याखालून शिरतेय, वरून दिसत नाही. चोर कुठली.

१ जुलै

उलटी!!!

ही नदी समुद्रात शिरली की उजवीकडे वळते आणि किनारा धरून पूर्वेला जाते. पृथ्वी फिरते म्हणून वळते. दरवर्षी. पुस्तकात तसंच चित्र आहे, माझ्या टेबलासमोर भिंतीवरही तेच आहे. आज बर्फाची कड मागे सरली, पहिलं नीट चित्र आलं, आणि बघते तो काय — गोड्या पाण्याचा डाग सरळ उत्तरेला, आणि मग डावीकडे! पश्चिमेला! लांबलचक, टोकाला निमुळता. जीभ बाहेर काढून मला वेडावतेय!

वाऱ्याचा तक्ता काढला. कधी नव्हे तो पूर्वेचा वारा, थांबायचं नाव नाही. त्यानेच ढकललं असणार! जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत शंकासुराच्या खोलीत गेले. तो बाहेरगावी, परवा येणार. आता परवापर्यंत मी काय करू? दिसेल त्याला सांगत सुटले. उपाहारगृहातल्या बाईंनासुद्धा सांगितलं. त्यांनी एक अंडं जास्त वाढलं.

३ जुलै

फुग्याला टाचणी.

शंकासुराने चित्र बघितलं. पुन्हा बघितलं. चष्मा काढून बघितलं. मग — "मॅडम, हे बर्फाचं सोंग असू शकतं."

आमच्या चित्रातला एकेक ठिपका म्हणजे एखाद्या शहराएवढा समुद्र. त्यात कुठे कोपऱ्यात बर्फाचे चार तुकडे तरंगत असले तरी उपग्रहाची फसगत होते, सगळा ठिपका गोडा वाटतो. शिवाय पाणी इतकं थंड की कुजबुज घोगरी झालेली. आणि बर्फ वितळूनही गोडंच पाणी होतं, ते नदीचंच कशावरून?

मी म्हटलं, "पण आकार बघा ना. मुखापासून निघालीय सरळ."

"दिसतंय तसं. पण दिसतंय म्हणून आहे, असंच का?"

झालं! असा राग आला, असा राग आला, आणि त्याच्याखाली कुठेतरी गुदगुल्या. पोरगं पक्कं तयार झालंय. कुणी केलं? मीच!

शेवटी ठरलं ते असं : नदीचं पाणी रानांतून, दलदलीतून येतं, म्हणून तपकिरी असतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी स्वच्छ. ढगोबाच्या रंगीत चित्रात माझ्या जिभेच्या जागी तपकिरी दिसलं, तर शंकासुर अर्धा मानेल. उरलेला अर्धा तिथलं पाणी बाटलीत भरून आणल्यावर.

म्हणजे माझं नशीब आता ढगोबाच्या हातात. आणि ढगोबाचं ढगांच्या.

१२ जुलै

ढग.

१३ जुलै

ढग. ढगोबा माझ्या नजरेला नजर देत नाही.

२१ जुलै

तो समुद्र म्हणजे गोधडी पांघरून झोपलेलं माणूस आहे. आज पायाचा अंगठा दिसला, तोही पूर्वेकडचा. आपल्या कामाचा नाही. ढगोबाने मला बिस्किटं आणून दिली, जणू त्याचाच अपराध. म्हटलं, अरे, ढग तू सोडतोस का?

"घरी बायको पण हेच म्हणते," म्हणाला, "तरी मला अपराधी वाटतं."

२६ जुलै

भोक पडलं! ढगांना भोक पडलं!!

दुपारी ढगोबा आला. नुसता हाताला धरून त्याच्या टेबलापाशी घेऊन गेला. पडद्यावर सगळीकडे पांढरं, पांढरं, आणि मधे एक फाटलेली खिडकी. खिडकीत समुद्र. निळा असायला हवा तिथे — तपकिरी! कोऱ्या चहासारखा! आणि त्याची कड कशी, तर सुरीने कापल्यासारखी. अलीकडे तपकिरी, पलीकडे निळं.

माझं आजचं चित्र त्यावर ठेवलं. बसलं. कडेला कड लागली. झाकणावर भांडं बसावं — छे, उलट लिहिलं, भांड्यावर झाकण बसावं तशी.

दोघांनी मिळून आरडाओरडा केला. हिशेबवाल्या खोलीतून माणूस बघायला आला, आग लागली की काय म्हणून.

शंकासुर आला. दोन्ही चित्रं आलटून पालटून बघितली. म्हणाला, "अर्धं मानलं."

अर्धं तर अर्धं! घरी जाताना बस आली होती तरी चालत गेले. वाटेत दुकानात डोकावले. नवऱ्यासमोर गिऱ्हाईक बसलेलं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत. मी दारातूनच ओरडले, "तपकिरी आहे हो!" गिऱ्हाईक म्हणालं, "मला तर काळी दिसताहेत."

४ ऑगस्ट

जहाज! तिकडे एक संशोधनाचं जहाज निघालंय. चाळीसएक माणसं. शंकासुराने ओळख काढून त्यांना लिहिलं. त्यांची वाट माझ्या जिभेच्या अगदी टोकाजवळून जाते. थोडी वाकडी केली की झालं. पाण्याचे नमुने घेणारी एक मुलगी आहे, तिचं आजच उत्तर आलं. रसायनशास्त्राची. पहिल्याच पत्रात लिहिते : "मॅडम, माझ्या खोलीत बाटल्या इतक्या आहेत की मी कुठे झोपते ते मलाच शोधावं लागतं." मी तिचं नाव बाटलीवाली ठेवून टाकलं. आवडली मला. कप्तान मात्र खडूस आहे म्हणे. "वाट का वाकडी करायची, ते एका ओळीत सांगा," असा निरोप.

एका ओळीत! मी पानभर लिहिलेलं. शंकासुराने खोडून खोडून एक ओळ केली : "तिथे समुद्र गोडा आहे असं आम्हाला वाटतं."

कप्तान कबूल झाला. त्याला म्हणे हसू आलं.

११ ऑगस्ट

खारट.

बाटलीवालीचा आकडा आला. किलोभर पाण्यात एकतीस ग्रॅम मीठ. तिकडच्या समुद्राचं असतं तसंच. अगदी साधं, खारट, नेहमीचं समुद्राचं पाणी. खाली लिहिलंय, "सॉरी मॅडम."

शंकासुराने आकडा वहीत उतरवून घेतला. "असंच का?" विचारलं असतं तर बरं होतं. ढगोबाने पुन्हा बिस्किटं आणली. खाल्ली नाहीत.

घरी सासूबाईंनी पत्ते मांडले. मला हरवलं. मग माझ्याकडे बघून दुसऱ्या डावात मुद्दाम हरल्या. त्यांना मुद्दाम हरताही येत नाही, एक्का पदराआड लपवताना दिसला.

१२ ऑगस्ट

मी बावळट! मी महाबावळट! आणि किती छान वाटतंय बावळट असताना!

सकाळी लिफ्टमधे बाटलीवालीचं पत्र पुन्हा वाचत होते, स्वतःला छळायला. त्यात एक ओळ : "जहाजाच्या पोटातल्या नळाने सात मीटर खालून पाणी घेतलं." काल वाचली होती. डोळ्यांखालून गेली, डोक्यात शिरली नव्हती.

सात मीटर खालून!

सासूबाईंना मी काय सांगितलं होतं? साईसारखं वर पसरतं! आमचा उपग्रह वरच्या बोटभर पाण्याचं ऐकतो, आणि ती पोरगी साईखालचं दूध मोजत बसलीय! गोडा थर पाच मीटरचा असला तरी तिच्या नळाला त्याचा पत्ताच लागणार नाही!

लिफ्ट चौथ्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं, मी आतच. पुन्हा तळमजला. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, ऑफिस वर आहे."

धावत शंकासुराकडे. तो फोनवर होता. मी फोनवरच्या माणसाला सॉरी म्हटलं आणि फोन ठेवला! स्वतःच्या साहेबाचा! म्हटलं, "बादली! बादली टाकायला सांग!" सर नाही, अहो नाही, काही नाही.

तो खुर्चीतून अर्धा उठला. मग त्याच्या चेहऱ्यावर ते आलं — सातवीत उत्तर सुटलं की यायचं ते. "वरचं पाणी," म्हणाला. "अरे हो. वरचं."

लगेच पत्र धाडलं. जहाज दूर गेलं नसेल तर! हवा बिघडली नाही तर! कप्तान पुन्हा हसला तर!

१४ ऑगस्ट

उत्तर नाही. तिकडे लाटा मोठ्या आहेत म्हणे. लाटांनी साय ढवळली तर संपलंच. आज तीन वेळा तेच पत्र उघडून बघितलं की ते खरंच गेलंय ना.

१७ ऑगस्ट

बारा!!!!

बारा! एकतीस नाही, बारा! कप्तानाने जहाज मागे फिरवलं, बाटलीवालीने दोरीला बादली बांधून कठड्यावरून खाली सोडली, आणि वर आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. किनाऱ्यापासून तीनशे किलोमीटर! भर समुद्रात! तिचं पत्र जसंच्या तसं इथे उतरवते :

"मॅडम, मी ते चाखलं. चाखायचं नसतं, माहितीये. मातीची चव आहे. मचूळ आहे, पण समुद्र नाही हो हा, नदी आहे! इथे चारी बाजूंना जमीन दिसत नाही आणि मी नदीवर उभी आहे! खलाशी आता रांगेने चाखताहेत. कप्तानपण!"

वाचता वाचता मी मोठ्याने वाचायला लागले होते, ते कळलंच नाही. सगळा मजला जमला. ढगोबा नाचला — खरंच नाचला, आणि त्याला नाचता येत नाही. आणि शंकासुर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाई, पूर्ण मानलं!" बाई म्हणाला आणि या वेळी कान लाल झाले नाहीत.

घरी येऊन लेकीला फोन लावला. मी काय काय बोलले कोण जाणे. ती म्हणाली, "आई, तू पिऊन बोलतेयस का गं?"

म्हटलं, "नाही गं, पण जहाजावर सगळे पितायत! नदी!"

"बाबांना फोन दे."

२९ ऑगस्ट

जीभ वाढतेय. पश्चिमेची सामुद्रधुनी — दोन बेटांमधली चिंचोळी वाट — तिच्यात शिरायला लागलीय. सगळी जहाजं परतताना तिथूनच येतात, आमचंही.

आज हसू जरा थांबलं. गोडं पाणी आधी गोठतं. सामुद्रधुनीत ते साचलं आणि थंडी पडली, तर वाट नेहमीच्या कितीतरी आधी बंद होणार. गणित मांडलं. सप्टेंबरच्या अगदी शेवटी, असं उत्तर आलं. आमचं जहाज तिसऱ्या आठवड्यात जाणार आहे. म्हणजे थोडक्यात सुटेल. तरी इशारा द्यायला हवा, नाही का?

बाटलीवालीने मला हल्ली 'मॅडम' सोडून 'मावशी' म्हणायला सुरुवात केलीय. मी तिला सांगितलेलं नाही अजून.

२ सप्टेंबर

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

शंकासुराने बोलावलं. खोलीचं दार लावलं. इशाऱ्याच्या पत्रावर त्याची सही लागते. त्या भागातल्या सगळ्या जहाजांना ते जाणार. म्हणाला, "बाई, चुकलो तर?"

"चुकलो तर चाळीस माणसं लांबच्या वाटेने येतील आणि आपल्याला शिव्या घालतील."

"आणि पुन्हा आपलं कुणी ऐकणार नाही. पुढच्या वेळी खरंच बर्फ असेल तेव्हाही."

हे मला सुचलं नव्हतं.

मग तो उठला, फळ्यासमोरची खुर्ची ओढून त्यावर बसला, आणि त्याने हात वर केला. चौतिशीचा बाप्या! "बाई, पहिल्यापासून सांगा. मी विचारीन."

मी खडू घेतला. इथे खडू नसतो, शाईचं पेन असतं, पण हाताला खडूच वाटत होता. पाणी किती साचलं. का तितकंच? थंड हवा किती. का तितकीच? दर ओळीला हात वर! मला घाम फुटला, आणि इतकी मजा येत होती की काय सांगू. मधेच माझा आवाज शाळेतला झाला, "मागच्या बाकावर बोलणं बंद!" मागे कुणीच नव्हतं. दोघं पोट धरून हसलो.

आणि मग वाऱ्याच्या ओळीपाशी तो म्हणाला, "पण बाई, हा वारा जुलैचाच का?"

मी बघितलं. खरंच. जुलैचाच आकडा ठेवला होता मी. सप्टेंबरात तिकडे वारा पडतो. वारा नाही तर लाटा नाहीत, लाटा नाहीत तर वरचं गोडं पाणी खालच्या खाऱ्यात मिसळणार नाही, तसंच थंड होत बसणार. त्याने नवा आकडा घातला, मी पुढच्या ओळी पुन्हा सोडवल्या. उत्तर महिनाअखेरवरून मागे सरकलं. तिसरा आठवडा.

जहाज जाणार तोच!

मघाशी सोडून दिलं असतं तर "थोडक्यात सुटाल" असं कळवून बसलो असतो आम्ही. मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पेन उडालं. शंकासुर जिंदाबाद!

त्याने सही केली. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : "गणित आमच्या बाईंचं आहे, मी तपासलं आहे."

५ सप्टेंबर

कप्तानाचं उत्तर : "इतकी वर्षं त्या वाटेने येतो आहे. या दिवसांत तिथे बर्फाचा खडाही बघितला नाही. बेटाला वळसा घालून बाहेरच्या वाटेने गेलो तर तेल जास्त, दिवस जास्त. सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोचलो की ठरवीन."

बाटलीवालीने खाली वेगळी ओळ लिहिली : "मावशी, तो पुन्हा हसला. पण या वेळी जरा कमी."

८ सप्टेंबर

नवऱ्याने विचारलं, "तुला भीती वाटते ती कशाची? बर्फ होईल याची, की होणार नाही याची?"

चष्मा पुसायला घेतला, त्याने हातातून घेऊन स्वतः पुसून दिला.

१३ सप्टेंबर

वारा पडला. अगदी आम्ही म्हटलं तसा.

१५ सप्टेंबर

चित्रात सामुद्रधुनी राखाडी दिसतेय. बर्फ म्हणावा तर नाही, पाणी म्हणावं तर नाही. तुपाचं विरजण लागावं तसं — हे पण चुकलं, विरजण दुधाला लागतं. असो! उपमा देणं माझं काम नाही. ढगोबाकडे ढग. जहाज उद्या तोंडाशी.

१६ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. ऑफिसातही कुणाचं जात नव्हतं. शंकासुर विनाकारण चार वेळा माझ्या टेबलाजवळून गेला. चौथ्यांदा म्हटलं, "बस रे बाबा खाली." बसला.

१८ सप्टेंबर

बंद! सामुद्रधुनी बंद!

आणि आमचं जहाज बाहेर! बाहेरच्या वाटेवर! मोकळ्या पाण्यात!

तोंडाशी पोचले तेव्हा समोर पाणी साधंच दिसत होतं म्हणे, काचेसारखं गुळगुळीत. कप्तानाने बराच वेळ दुर्बीण लावली. काही दिसेना. मग बाटलीवालीला बोलावलं आणि म्हणाला, "बादली टाक." टाकली. पाणी तपकिरी, आणि त्यात बर्फाच्या सुया. कप्तानाने बादलीत हात घातला, सुया बोटांवर घेतल्या आणि जहाज वळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागे बघितलं तर सगळं पांढरं.

एक मालवाहू जहाज मात्र आत शिरलं होतं, ते अडकलंय. माणसं सुखरूप आहेत, बर्फफोड्या जहाज निघालंय. त्यांनाही इशारा गेला होता. ती ओळ पुन्हा वाचली. मग कप्तानाची ओळ वाचली :

"त्या बाईंना नमस्कार सांगा. पुढच्या वर्षी वाट आखण्याआधी मीच त्यांना विचारीन."

शंकासुराने ते मोठं छापलं आणि भिंतीवर पुस्तकातल्या जुन्या चित्रावर, बरोबर पूर्वेकडे वळलेल्या नदीवर, चिकटवून टाकलं.

मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. बाहेर आले तर ढगोबा दाराशी, हातात बिस्किटं.

२१ सप्टेंबर

सगळ्यांना घरी बोलावलं. मोठा केक आणला, त्यावर ढगोबाने साखरेने जीभ काढली. आलेल्या पोरांना वाटलं कुत्रा आहे. सासूबाई शंकासुराला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि त्याला पत्त्यांत साफ नागवलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "बाई, त्यांच्याकडे पाच एक्के आहेत."

म्हटलं, "असंच का?"

शेजारीण आली होती. तिने विचारलं, "विमानांचं काम कसं चाललंय?" आणि मी काही बोलायच्या आत सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "विमानं कसली! माझी सून समुद्रात नदी शोधते. वरून. कान लावून."

नवरा माझ्याकडे बघून असा हसला की, लिहीत नाही. बावन्नाव्या वर्षी हे लिहायचं नसतं.

२७ सप्टेंबर

उपग्रह गेला. पहाटेच्या फेरीपासून एक अक्षर आलं नाही. नियंत्रण कक्षाने दुपारी हात टेकले. नवा उडायला काही वर्षं लागतील. तोवर त्या समुद्रावर वरून कान लावणारं कुणी नाही.

संध्याकाळी बातमी ऐकून कप्तानाचा फोन आला. पुढच्या उन्हाळ्यापासून जहाज बर्फ फुटल्यापासून बर्फ धरेपर्यंत तिथेच राहणार, जागोजागी पाणी मोजत. आमच्याकडचं एक माणूस हवंय, दरवर्षी पाच महिने. शंकासुराने रिसीव्हरवर हात ठेवून खोलीभर बघितलं. "कुणाचं नाव देऊ?"

मी हात वर केला आणि माझं दिलं.

घरी अजून सांगितलेलं नाही. बाहेर नवरा आणि सासूबाई पत्त्यांवरून भांडताहेत, मला हाका मारताहेत. जाते.